बाळंतपणानंतर नऊ महिने झाले, थायरॉइडची गोळी चालू आहे, तरी वजन उतरत नाही

रानजाई (मिरज):

नमस्कार. माझे वय ३१ वर्षे आणि उंची १५७ सेंटीमीटर आहे. लग्नाआधीच थायरॉइडचा स्राव कमी असल्याचे निदान झाले होते व ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू होती. गरोदरपणात ती ७५ करण्यात आली आणि सिझेरियननंतर घरी सोडताना पुन्हा ५० वर आणली गेली. त्यानंतर तपासणी केव्हा करायची याबद्दल कोणी काही सांगितले नाही. आता बाळ नऊ महिन्यांचे आहे. अंगावरचे दूध चालू आहे, सोबत वरचे अन्नही सुरू केले आहे. तीन महिन्यांपासून मी बँकेत पुन्हा रुजू झाले आहे.

गरोदरपणाआधी माझे वजन ५८ किलो होते, शेवटच्या महिन्यात ७२ झाले आणि आज ते ६८ वर अडकून बसले आहे. गेल्या आठवड्यात केलेल्या तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारे संप्रेरक, ८.६ आले. थकवा इतका असतो की दुपारी काउंटरवर बसल्या बसल्या डोळे मिटतात. बद्धकोष्ठ आहे, केस मूठमूठ गळतात आणि घरात सगळ्यांना उकडत असताना मला शाल लागते. सकाळी सहा वाजता गोळी घेते, पाठोपाठ दूध व डिंकाचा लाडू खाते आणि बाळ उठायच्या आत लोहाची व कॅल्शिअमची गोळीही घेऊन टाकते, कारण नंतर दिवसभर आठवण राहत नाही. केसांसाठी मैत्रिणीने सुचवलेली बायोटिनची गोळीही चालू आहे.

शेजारच्या काकू सांगतात की कोबी, फ्लॉवर आणि भात पूर्ण बंद करावा. व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकांनी पोळी-भाकरी सोडून केवळ पनीर, अंडी आणि तूप खाण्याचा सल्ला दिला आहे. सासूबाईंच्या मते अंगावर पाजणाऱ्या बाईने वजनाचा विचारच करू नये. हे वजन थायरॉइडचे आहे की खाण्याचे, गोळी वाढवली की ते उतरेल का, आणि दूध कमी न होता नेमके काय करता येईल, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

निवडुंग (पुणे):

मी फिजिशियन आहे. तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेले नसल्यामुळे डोस किती असावा हे येथे सांगणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवले पाहिजे. परंतु त्यांच्याकडे जाण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेतल्यात तर भेटीचा उपयोग होईल.

गरोदरपणात लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे तुम्ही घेता त्या थायरॉइडच्या गोळीची, गरज साधारणपणे पाव ते निम्म्याने वाढते. म्हणून प्रसूतीनंतर बहुतेक स्त्रियांना पूर्वीच्या डोसवर आणतात आणि सुमारे सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहतात. तुमची पहिली पायरी नेमाप्रमाणे झाली, दुसरी राहिली. ती महत्त्वाची असते, कारण थायरॉइड कमी असण्यामागे पुष्कळदा हाशिमोटोचा विकार असतो. १९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकांनी त्याचे वर्णन केले. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटते. गरोदरपणात ही प्रतिकारशक्ती काहीशी शांत असते आणि प्रसूतीनंतर पुन्हा जोर धरते, त्यामुळे अशा अनेक स्त्रियांना बाळंतपणानंतर पूर्वीपेक्षा थोडा अधिक डोस लागतो. हा विकार ओळखण्यासाठीची अँटी-टीपीओ ही रक्ततपासणी पूर्वी झाली नसेल तर तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

मात्र डोस वाढवण्याआधी, सध्याची गोळी शरीरात पुरेशी पोहोचते का, हे पाहायला हवे. लोह आणि कॅल्शिअम आतड्यात या औषधाला धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. त्यांच्यात व थायरॉइडच्या गोळीत चार तासांचे अंतर लागते. गोळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा तास, शक्यतो एक तास, चहा, कॉफी, दूध किंवा खाणे काहीही घेऊ नये. तुमच्या सध्याच्या क्रमात दूध, लाडू, लोह आणि कॅल्शिअम हे सगळे गोळीच्या पाठोपाठ पोटात जाते, त्यामुळे ५० पैकी प्रत्यक्षात किती मायक्रोग्रॅम कामी येतात याचा भरवसा राहत नाही. लोहाची गोळी दुपारच्या जेवणाआधी आणि कॅल्शिअमची रात्रीच्या जेवणानंतर ठेवली तर तिघींची गाठ पडणार नाही.

बदल गोळीच्या वेळेत केला किंवा डोसमध्ये, तरी त्यानंतर सहा ते आठ आठवडे थांबूनच टीएसएच तपासावे. गोळीतल्या संप्रेरकाचा रक्तातील अर्धायुकाल (प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा काळ) सुमारे सात दिवसांचा असतो आणि टीएसएच नव्या पातळीवर स्थिर व्हायला त्याहून बराच वेळ लागतो. पंधरा दिवसांनी केलेली तपासणी पैसे घेते आणि संभ्रम वाढवते.

बायोटिनबद्दल वेगळे सांगतो, कारण केसांच्या गोळ्या घेणाऱ्या बऱ्याच स्त्रिया त्याचा उल्लेखही करत नाहीत. अनेक प्रयोगशाळांच्या चाचण्यांत बायोटिनमुळे टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते, म्हणजे अहवाल चांगला दिसतो आणि आजार तसाच राहतो. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस ती गोळी बंद ठेवावी आणि डॉक्टरांना तसे सांगावे. प्रसूतीनंतर तीन-चार महिन्यांनी सुरू होणारी केसगळती बहुतेक वेळा आपोआप थांबते. नवव्या महिन्यातही ती इतकी असेल तर टीएसएचबरोबर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) पाहणे अधिक उपयोगी ठरेल.

आता मुख्य प्रश्न. थायरॉइड कमी असल्यामुळे वजन वाढते हे खरे असले, तरी किती वाढते याबद्दल लोकांच्या कल्पना फार मोठ्या असतात. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने रुग्णांसाठी दिलेल्या माहितीत हा वाटा साधारण पाच ते दहा पौंड, म्हणजे दोन ते साडेचार किलो सांगितला आहे, आणि त्यातही मोठा भाग शरीरात साठलेल्या मिठाचा व पाण्याचा असतो. तुमचे टीएसएच वाढलेले आहे, पण अतिशय वाढलेले नाही. म्हणून दहा किलोंपैकी थायरॉइडच्या नावे दोन-तीन किलोंपेक्षा जास्त लिहिता येईल असे मला वाटत नाही. उरलेले वजन इतर कोणत्याही बाळंतिणीसारखेच आहे. गोळी नीट लागू पडली की थकवा, बद्धकोष्ठ आणि थंडी कमी होईल, चेहऱ्यावरची सूज उतरेल आणि उरलेल्या वजनासाठी हालचाल करण्याइतकी ताकद येईल. तिच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी. वजन उतरावे म्हणून गरजेपेक्षा जास्त गोळी घेतली तर छातीत धडधड होते, झोप जाते आणि दीर्घकाळात हाडे ठिसूळ होतात. त्या मार्गाने कोणीही जाऊ नये. योग्य डोसमधील ही गोळी अंगावर पाजताना सुरक्षित असते, बाळाची चिंता नसावी.

मीठभाकर (छत्रपती संभाजीनगर):

निवडुंग यांच्या मताचा आदर राखून सांगते की अनुभव वेगळा आहे. माझे टीएसएच दोन वर्षांपासून अडीचच्या आसपास आहे, मी सकाळी वेळेवर गोळी घेते, तरीही बाळंतपणात वाढलेले अकरा किलो तसेच आहेत. ज्याला थायरॉइड नाही त्याला हे कळणार नाही. रानजाई ताईंनी स्वतःला दोष देत बसू नये एवढेच मला म्हणायचे आहे.

निवडुंग:

दोष देऊ नये याबद्दल दुमत नाही. परंतु तुमच्या उदाहरणातून मला उलटा निष्कर्ष दिसतो. दोन वर्षे टीएसएच योग्य असूनही वजन तसेच असेल, तर ते वजन थायरॉइडने धरून ठेवलेले नाही आणि कारण इतरत्र शोधायला हवे. गरोदरपणात साखर वाढली होती का आणि प्रसूतीनंतर सहा ते बारा आठवड्यांत ग्लुकोज पाजून साखर पुन्हा तपासली होती का, पाळी अनियमित असून पीसीओएसची (बीजकोशांशी निगडित संप्रेरक-विकाराची) शक्यता आहे का, एखादे वजन वाढवणारे औषध चालू आहे का, आणि रात्री सलग किती झोप मिळते, हे प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवा. मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल आणि असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर तेही स्पष्ट सांगा. प्रसूतीनंतरचे नैराश्य आणि थायरॉइडची कमतरता यांची लक्षणे इतकी मिळतीजुळती असतात की एकाच्या आड दुसरे सहज लपते.

थालीपीठ (नाशिक):

मी आहारतज्ज्ञ आहे. औषधाबद्दल वर सविस्तर आले आहे, मी ताटाबद्दल लिहिते.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० आणि पुढच्या सहा महिन्यांत सुमारे ५२० कॅलरी अधिक लागतात. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण डिंक, खारीक, खोबरे, गूळ आणि हात सैल सोडून घातलेले तूप असलेला मध्यम आकाराचा एक लाडू साधारण २०० ते २५० कॅलरींचा होतो. साखर घातलेल्या म्हशीच्या दुधाचा मोठा पेला जवळजवळ तेवढ्याच कॅलरी देतो. म्हणजे दिवसभरासाठी मिळालेली सवलत सकाळी सात वाजेपर्यंत बरीचशी वापरून झालेली असते आणि त्यानंतर नाश्ता, डबा, चार वाजताचा चहा-बिस्किटे व रात्रीचे जेवण शिल्लक असते. शिवाय ६०० चा आकडा पूर्ण पाजणाऱ्या आईसाठी आहे. नऊ महिन्यांचे बाळ वरणभात, नाचणीचे सत्त्व खाऊ लागले की दुधाची मागणी कमी होते, आणि आईच्या ताटातले वाढीव मात्र पूर्वीसारखेच चालू राहते.

भात, भाकरी बंद करण्याची गरज नाही. व्यायामशाळेतला तो सल्ला तर मुळीच मानू नका. पाजणाऱ्या स्त्रीने पिष्टमय पदार्थ जवळजवळ शून्यावर आणल्यामुळे रक्तातील आम्ल धोकादायक पातळीपर्यंत वाढल्याचे आणि रुग्णालयात दाखल करावे लागल्याचे प्रकार वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. अंगावर पाजत असताना सर्वसाधारणपणे दिवसाला १५०० ते १८०० कॅलरींच्या खाली जाऊ नये आणि आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन उतरवण्याची घाई करू नये. तेवढ्या वेगाने उतरले तर दुधावर परिणाम होत नाही.

कोबी आणि फ्लॉवर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने थायरॉइड बिघडत नाही. घरात आयोडीनयुक्त मीठ असले की झाले. मी तर उलट दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष वेधीन. अलीकडे आरोग्याच्या नावाखाली अनेक घरांत साधे मीठ काढून केवळ सैंधव वापरतात. सैंधवात आयोडीन पुरेसे नसते, आणि पाजणाऱ्या आईला जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, कारण बाळाचे आयोडीनही तिच्याच दुधातून जायचे असते. डब्यावरचे लेबल एकदा वाचून पाहा. सोयाबीनचे पीठ किंवा सोया दूध घेत असाल तर ते गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा.

तेलाचा हिशेब मात्र घरातल्या कोणी तरी करायलाच हवा. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल तर ते माणशी रोज सुमारे ३० ग्रॅम होते, म्हणजे २७० कॅलरी, आणि त्यात तूप, शेंगदाण्याचे कूट व खोबरे धरलेले नाही. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या बाजूला रश्श्यावर तर्री दिसली नाही तर भाजी बेचव वाटते, हे मला ठाऊक आहे. तर्री राहू द्या, पण ती वाढताना वरची वाटी दुसऱ्याच्या ताटात जाऊ द्या. तुमच्या डब्यात दीड भाकरी, मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची वाटीभर घट्ट उसळ, पालेभाजी आणि ताक असे असले की चार वाजता बिस्किटांकडे हात जात नाही. सकाळी लाडवाऐवजी दोन अंडी किंवा मुगाचे धिरडे घ्या. डाळ, कडधान्य, अंडे किंवा मासे यांपैकी काही तरी प्रत्येक जेवणात असावे, कारण बाळंतिणीच्या पारंपरिक आहारात तूप आणि गूळ भरपूर असतात, प्रथिने तुलनेने कमी असतात.

कोकणकडा (रत्नागिरी):

मी वयाने मोठी असल्यामुळे एकेरीत लिहिते, राग मानू नकोस. माझ्या हातून घरातली चार-पाच बाळंतपणे पार पडली आहेत, म्हणून लाडवांची बाजू मांडणे मला भाग आहे. आमच्याकडे डिंकाचे व अळिवाचे लाडू, खसखशीची खीर आणि बाळंतशेपा हे सगळे सव्वा महिन्यासाठी असे, फार तर तीन महिने चाले. बाई विहिरीवर आणि शेतावर जाऊ लागली की तिच्या पानात भात, कुळथाचे पिठले आणि मासळीचे कालवण हेच येई. नवव्या महिन्यापर्यंत लाडवांचा डबा भरलेला राहणे ही जुनी रीत नव्हे. पूर्वी एवढा सुकामेवा परवडत तरी कोणाला होता?

सासूबाईंना मात्र तोंडावर "बंद करा" म्हणू नकोस. त्या तो डबा मायेने भरतात. लाडू लिंबाएवढे वळायला सांग, एक दिवसाआड खा आणि उरलेले ऑफिसात वाटून टाक. अळीव भिजवून नारळाच्या पाण्यातून घेतले तर तूप-गूळ लागत नाही, आणि सुनेने अळीव सोडले नाहीत याचे त्यांना समाधानही राहते.

सातारी (ठाणे):

माझ्या बाबतीत थायरॉइडचा त्रास बाळंतपणानंतरच प्रथम उद्भवला, म्हणून रानजाई यांच्यापेक्षा प्रकार वेगळा आहे. तरी वाचणाऱ्या इतर मैत्रिणींच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात माझे वजन भराभर उतरले, हात कापत आणि छाती धडधडत असे, आणि सगळे जण कौतुकाने "बाळंतपण अंगाला लागले नाही वाटते" म्हणत. सहाव्या महिन्यात चित्र उलटले. वजन वाढू लागले आणि अंथरुणातून उठवेना. डॉक्टरांनी याला प्रसूतीनंतरचा थायरॉइडदाह म्हटले. यात ग्रंथीला सूज येऊन आधी साठलेले संप्रेरक रक्तात सांडते आणि नंतर त्याचा तुटवडा पडतो. बहुतेक स्त्रियांची ग्रंथी वर्ष-दीड वर्षात पूर्ववत होते, काहींची होत नाही. माझी गोळी पुढे डॉक्टरांनी हळूहळू कमी करून थांबवली, पण दर वर्षी टीएसएच पाहायला सांगितले आहे. ज्यांची गोळी गरोदरपणाआधीपासून आहे त्यांनी माझे वाचून ती स्वतःच्या मनाने सोडू नये.

मेरुदंड (कोल्हापूर):

फिजिओथेरपिस्ट म्हणून एका मुद्द्याची भर घालते. पोट सुटलेले दिसते म्हणजे ती सगळी चरबीच असते असे नाही. गरोदरपणात पोटाच्या मधल्या रेषेवरचे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात आणि काही जणींचे पुन्हा जवळ येत नाहीत. उताणे झोपून, गुडघे वाकवून, डोके थोडे उचला आणि बेंबीच्या वर बोटे आडवी ठेवून दाबून पाहा. मधली फट दोन बोटांपेक्षा रुंद लागली, किंवा मध्ये उंचवटा फुगून आला, तर उठाबशांसारखे पोटाचे जोरदार व्यायाम तूर्त करू नका आणि प्रत्यक्ष तपासून घ्या. पट्टा बांधल्याने पाठीला आधार मिळतो, चरबी उतरत नाही. श्वास सोडताना पोट आत ओढणे, ओटीपोटाचे स्नायू आवळणे आणि पूल करणे (उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणे) यांपासून सुरुवात करावी. टाक्यांच्या जागी दुखत नसेल तर आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस हलके वजन उचलणे हे नऊ महिन्यांनंतर जमण्यासारखे आहे. पाजून झाल्यावर व्यायाम केला तर छाती जड वाटत नाही.

रानजाई:

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांना भेटून आले. त्यांनी सध्या डोस तोच ठेवून वेळा बदलायला सांगितल्या आहेत आणि आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करायचे ठरले आहे. घरातल्या डब्यावर सैंधवच निघाले, ते बदलले. लाडवांबद्दल सासूबाईंशी कोकणकडा काकूंनी सांगितले त्याच शब्दांत बोलले. त्या हसल्या आणि "मग मेथीचे करते" म्हणाल्या, तेव्हा तो विषय अजून चालू आहे.

दोन शंका उरल्या आहेत. बाळ पहाटे कधी पाच वाजता उठते, कधी सात वाजता, त्यामुळे सकाळचा एक तास रिकामा मिळेलच असे नाही. गोळी रात्री घेतली तर चालते का? आणि मार्गशीर्षातले गुरुवार मी करते, त्या दिवशी गोळीचे काय करावे?

निवडुंग:

रात्री चालते, मात्र शेवटचे खाणे होऊन किमान तीन तास झालेले असावेत आणि कॅल्शिअमची गोळी मग दुपारच्या जेवणाबरोबर सरकवावी लागेल. आठ वाजता जेवून अकराच्या पाजण्याला उठत असाल तर तीच वेळ धरा. एकदा सकाळ, एकदा रात्र असे करू नका, आणि वेळ बदलणार असाल तर डॉक्टरांना कळवा, कारण तपासणीचे दिवस त्या बदलापासून मोजावे लागतील.

उपवासाच्या दिवशी गोळी नेहमीप्रमाणे पाण्याबरोबर घ्यावी, ती चुकवू नये. पाजत असताना निर्जळी उपवास करू नका. गुरुवारी दोन वेळा साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर त्या दिवसाचा पिष्टाचा आणि तुपाचा आकडा नेहमीच्या जेवणापेक्षा वर जातो. तिच्याऐवजी वरीचे तांदूळ, त्यावर दाण्याची पातळ आमटी, सोबत ताक आणि एखादे फळ असे ठेवा. दुसरा अहवाल आला की आकड्याबरोबर त्या वेळचा डोस आणि गोळीची वेळही लिहा, म्हणजे नेमके कशाने फरक पडला हे सांगता येईल.